आधी गिरव, बाय

अगं बाय, परवा तिन्हीसांजेला तू पडवीत आलीस, मोबाइल माझ्यापुढे धरलास आणि आवाज खाली आणून म्हणालीस, "ताई, नुसती नक्कलच करतंय गो. कोणाक सांगा नको." मोबाइलमध्ये हातात दिवा घेतलेली ती बाई होती. ज्योतीवर आडवा धरलेला हात, बोटांच्या फटींतून झिरपणारा लालसर उजेड, अंगावर जांभळी साडी. तू तिला तैलरंगात उतरवायला घेतली होतीस आणि चार दिवस झाले तरी चेहरा पिठासारखा पांढरा का दिसतो, हे विचारायला आली होतीस. मी तेव्हा चेहऱ्याबद्दल दोन शब्द बोलले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर कानात राहिलं ते "कोणाक सांगा नको". म्हणून आज हे सविस्तर लिहितेय. चेहऱ्याचं उत्तर पुढे येईलच, आधी त्या लाजेचं बघू.

मीही पहिली दोन वर्षं अशीच लपवून रंगवत होते. कोणी अंगणात आलं की फळी भिंतीकडे तोंड करून ठेवायची. एकदा घरी आलेले एक पाहुणे ती फळी उलटी करून म्हणाले, "बरं आहे, पण कॅलेंडरवरचंच ना? स्वतःचं काय काढलंस?" त्या एका वाक्यानंतर मी सहा महिने ब्रश हातात धरला नाही. ते सहा महिने मला आजही परत हवे आहेत. तुझा एकही दिवस असा जाऊ नये, एवढ्यासाठी सांगते.

आपल्याकडे एक सुंदर शब्द आहे, गिरवणं. पाटीवर बाईंनी काढून दिलेल्या 'अ'वरून आपण पेन्सिल फिरवली, पुन्हा फिरवली, तेव्हा कुठे हाताला वळण लागलं. त्याला कोणी चोरी म्हटलं नाही. चवथीच्या आधी आपल्या गावातल्या गणपतीच्या शाळेत जाऊन बस आणि तिथल्या सगळ्यात लहान पोराकडे बघ. पहिल्या वर्षी ते माती मळतं. मग मूर्ती घासायला मिळते, मग पितांबराचा रंग. डोळ्यांच्या आखणीला हात लावायला कितीतरी चवथी जाव्या लागतात. आणि तो हात लावतो तेव्हा आपल्या मनातला डोळा काढत नाही, म्हातारे मूर्तिकार जसा काढतात तसाच काढतो. सावंतवाडीच्या गंजिफांचंही तेच. दशावतारी गंजिफांचा पूर्ण संच १२० पानांचा, दहा अवतारांची बारा-बारा पानं. त्यावरचे मत्स्य-कूर्म पिढ्यान् पिढ्या एकमेकांकडे बघूनच रंगवले गेले. आपल्या जिल्ह्यात कला अशीच हातातून हातात आली आहे. मग तैलरंग हातात घेतल्यावरच आपल्याला नकलेची लाज का वाटावी?

मोठ्या माणसांकडे बघ. राजा रविवर्म्यांना तैलरंग शिकवायला कोणी गुरू मिळाला नाही. १८६८ साली त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर यान्सन नावाचा चित्रकार आला, तो काम करताना नुसतं पाहायची मुभा मिळाली, आणि त्या पाहण्यावर ते घरी येऊन हात चालवत राहिले. मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ साली निघालं. तिथे मुलं ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून महिनोन् महिने काढत बसायची. त्याच जे. जे.चे प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत गेले आणि बारा-तेरा वर्षं भिंतीवरच्या चित्रांच्या प्रती करून घेतल्या. पेस्तनजी बोमनजींसारखा मोठा व्यक्तिचित्रकार त्या कामातून घडला. त्यातल्या पुष्कळ प्रती पुढे १८८५ साली लंडनमध्ये आगीत गेल्या. पण हातांनी जे शिकून घेतलं ते कुठल्या आगीत जाणार? पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तर आजही परवानगी काढून, घोडा मांडून, मूळ चित्रापुढे बसून प्रत करता येते. अटी अशा की प्रत मुळाच्या मापाची नको, निदान एक पंचमांशानं लहान किंवा मोठी हवी, आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. या दोन्ही अटी मी आपल्या घरातही पाळते. तूही पाळ.

मात्र गिरवण्याला एक पथ्य आहे. पाटीवरचा 'अ' गिरवताना लक्ष दुसरीकडे असेल तर शंभरदा गिरवूनही अक्षर वळणदार होत नाही. चित्राचंही तसंच आहे. प्रत करायला बसशील तेव्हा रोज एक प्रश्न घेऊन बस. आज फक्त हे शोधायचं की उजेड कुठून येतो. उद्या, गालाची कड पार्श्वभूमीत कुठे विरते आणि कुठे धारदार राहते. परवा, सगळ्यात उजळ ठिपका कोणता आणि सगळ्यात गडद कोणता. चित्रकारानं शेकडो निर्णय घेतलेले असतात, आपण ते एकेक करून त्याच्या मागोमाग घेऊन बघायचे. हुबेहूब दिसणं हे त्यातून निघालेलं व्याजासारखं आहे, मुद्दल म्हणजे ते निर्णय. असं बसलीस तर प्रत फसली तरी तुझं नुकसान नाही, आणि असं बसली नाहीस तर प्रत हुबेहूब जमली तरी हाताला काही लागत नाही.

आता त्या दिवेवाल्या बाईकडे येऊ. ती आपल्या घरचीच आहे, हे तुला ठाऊक आहे का? पुष्कळ लोक ते चित्र रविवर्म्यांचं समजतात. ते आहे सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. हळदणकर १८८२ साली सावंतवाडीत जन्मले, जे. जे.त शिकले आणि १९०८ साली मुंबईत त्यांनी स्वतःची चित्रकलेची संस्था काढली. हे चित्र १९४५-४६च्या सुमाराचं, आज मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. चित्रातली बाई म्हणजे त्यांची लेक गीता. दिवाळीत आईची साडी नेसून दिवा घेऊन उभी असलेली लेक त्यांना दिसली आणि तीच त्यांनी उतरवली. गीताबाई उपळेकर २०१८ साली कोल्हापुरात वारल्या, तेव्हा त्या १०२ वर्षांच्या होत्या. हे सगळं लक्षात ठेव, शेवटी मला त्याच्याशी काम आहे.

पण तुझी पहिली प्रत म्हणून ते चित्र बाजूला ठेव, असंच मी सांगेन. एक तर ते जलरंगातलं आहे. जलरंगात उजेड म्हणजे न रंगवलेला, राखून ठेवलेला पांढरा कागद. तैलरंगात उजेड आपल्याला वर थापावा लागतो. म्हणजे हळदणकरांनी जिथे हात आवरला तिथेच तुला हात चालवावा लागणार. ज्या निर्णयांच्या मागोमाग जायचं, ते निर्णयच या माध्यमातले नाहीत. दुसरं, त्यातला उजेड चित्राच्या आतच आहे, बोटांतून गाळून आलेला. भल्याभल्यांना तो साधत नाही. तिसरं, हळदणकर १९६८ साली गेले. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या चित्रांवर हक्क राहतो, म्हणजे २०२८ संपेपर्यंत. घरात अभ्यासाला काढलंस तर कोणी काही म्हणणार नाही, पण विकायचा विचारही नको. ती बाई कुठे जात नाही. दोन वर्षांनी तिच्याकडे ये, तेव्हा तिच्याशी बोलायला तुझ्याकडे काहीतरी असेल.

मग आत्ता कोण? रविवर्मा १९०६ साली गेले, गोव्याचे अँतोनियो झेवियर त्रिंदाद १९३५ साली, कोल्हापूरचे धुरंधर १९४४ साली. तिघांच्या चित्रांना आता हात लावायला मोकळीक आहे. त्यांच्या चित्रांतलं असं एक निवड, ज्यात एकच व्यक्ती आहे, कमरेपर्यंत. उजेड एकाच बाजूनं येतोय. मागे झाडं, हंस, महाल काही नाही. दागिने मोजकेच. शकुंतला आणि दमयंती मनात भरतात, मलाही भरल्या होत्या, पण पहिल्याच खेपेला नऊवारीच्या चुण्या, पावलं, हरणं आणि कमळं सगळं एकदम अंगावर घेतलंस तर चेहऱ्यापाशी पोचायच्या आधीच दमशील.

आणि एक मूळ तैलचित्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय सुरुवात करू नको. आपल्याला ते अवघड नाही. पणजीत फोंतइन्हासमध्ये फुंदासांव ओरियेंत या संस्थेकडे त्रिंदादांच्या चित्रांचा संग्रह आहे. कुडाळहून गाडीनं थिवीला उतरायचं की पुढे पणजी जवळच. सवड आणि पैसे जमतील तेव्हा साताऱ्याजवळच्या औंधला जा. तिथल्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३८ साली उभारलेल्या त्या संग्रहालयात रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं आहेत, आणि त्याच छपराखाली युरोपातल्या नामांकित चित्रांच्या आणि शिल्पांच्या प्रतीही मानानं मांडलेल्या आहेत. एका राजाला प्रतींची लाज वाटली नाही, हे तिथे उभी राहून बघ. आपल्या सावंतवाडीजवळच्या कोलगावचे पंडित सातवळेकर, ज्यांना आपण वेदांचे अभ्यासक म्हणून ओळखतो, तेही जे. जे.त शिकलेले चित्रकार होते आणि औंधलाच येऊन राहिले होते. तिथे गेलीस की परक्या गावात आल्यासारखं वाटणार नाही.

मूळ चित्र बघायचा हट्ट मी का धरते, ते सांगते. मी माझी पहिली प्रत केली ती आमच्या देवखोलीतल्या जुन्या छापील तसबिरीवरून. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या छापील चित्रांनी कोकणातल्या घराघरांत देव आणले. आमच्याकडची तसबीर अशाच चालीची, वर्षानुवर्षं उदबत्तीचा धूर खाल्लेली. निळा रंग उडालेला, पांढरा पिवळा पडलेला. मी ते सगळं इमानानं उतरवलं. सावल्या विटकरी झाल्या, माणूस तापानं फणफणल्यासारखा दिसायला लागला. पुढे औंधला मूळ चित्रापुढे उभी राहिले तेव्हा कळलं की छापात मला जी सपाट तपकिरी सावली दिसत होती, तशा सावलीत खऱ्या चित्रात तीन-चार रंग नांदतात. तुझ्या मोबाइलचंही तेच आहे गो. पडद्याची चमक वाढवली की सगळ्या बायका गोऱ्या होतात. एखाद्या संग्रहालयानं स्वतः प्रसिद्ध केलेली चांगली प्रतिमा शोध, कुडाळला किंवा कणकवलीला नेऊन बिनचमकीच्या कागदावर छापून घे, आणि तो कागद समोर लाव. मोबाइल फक्त बारकावा मोठा करून बघण्यापुरता.

सामानाला फार पैसे घालू नको. ताणलेला कॅनव्हास आपल्या दमट हवेत सैल पडतो, म्हणून शिकेपर्यंत हार्डबोर्डच बरा. बारा बाय सोळा इंचांचा तुकडा सुताराकडून कापून घे, कडा घासून घे आणि दोन्ही बाजूंनी जेसोच्या पांढऱ्या अस्तराचे दोन हात दे. पाठीमागची बाजू कोरी ठेवलीस तर तिथून ओल धरते आणि फळी वाकते. रंगांच्या सात नळ्या पुरतात. टायटॅनियम पांढरा, यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन निळा, काळा आणि एक तेजस्वी लाल. ही नावं ऐकून बिचकू नको. यलो ऑकर म्हणजे आपली पिवडी, लाइट रेड म्हणजे काव. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर जी कावी चित्रं आहेत त्यांचा रंग, आणि आपल्या जांभ्या दगडाला लाली देणारं लोह, ही सगळी एकाच कुळातली. स्वीडनचा आंडर्स झॉर्न अशाच मूठभर रंगांवर माणसं रंगवण्यासाठी नावाजला गेला. दुकानात 'फ्लेश टिंट' नावाची गुलाबी नळी मिळेल, ती घेऊ नको. त्या रंगाचं माणूस मालवणात मी अजून बघितलेलं नाही.

तेल मात्र जवसाचंच हवं. घरात खोबरेल आहे, स्वस्त आहे, म्हणून ते रंगात घालायचा मोह होईल. खोबरेल कधीच वाळत नाही. तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही, जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. म्हणून तर त्याचे थर शंभर वर्षं टिकतात. खोबरेलाला तो गुण नाही. तुझं चित्र जन्मभर चिकट राहील आणि धूळ-मुंग्यांचं होईल.

आता काम. छापील चित्र सहा बाय आठ इंचांचं घे आणि त्यावर अर्ध्या अर्ध्या इंचाच्या चौकटी आख. फळीवर एकेक इंचाच्या. दोन्हीकडे बारा आडव्या, सोळा उभ्या, मिळून १९२ घरं होतील. हे रांगोळीच्या ठिपक्यांसारखं आहे, घर चुकलं नाही तर रेघ चुकत नाही. मात्र चौकटींच्या आधी फळीवर काव आणि अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून एक हात फिरव आणि वाळू दे. पांढऱ्याशुभ्र फळीवर कुठलाही रंग लावला तरी तो आहे त्याहून गडद दिसतो, मग आपण घाबरून आणखी पांढरा मिसळत जातो. तुझा चेहरा पिठासारखा होण्याचं पहिलं कारण ते होतं.

रेखाटन झालं की थेट रंगावर उडी घेऊ नको. एकट्या अंबरनं पूर्ण चित्र उभं कर. गडद जागी रंग, उजेडाच्या जागी चिंधीनं पुसून काढायचं. हे काम एकाच बैठकीत, रंग ओला असतानाच होतं, आणि खरं सांगू, मला सगळ्यात आवडतं ते हेच. रंगाची भूल नसते. फक्त उजेड आणि सावली. मधूनमधून डोळे किलकिले करून बघ. बारकावे नाहीसे होतात आणि गडद-उजळाचे मोठे तुकडे उरतात. ते मूळ चित्राशी जुळले तर पुढचं सगळं जुळतं. आरशात पाठमोरं करूनही बघ. जो डोळा तुला तासभर सरळ वाटत होता तो आरशात खाली घसरलेला दिसेल. रडू नको, पुस आणि परत काढ. अंबर लवकर वाळतो, थंडीच्या दिवसांत तीन-चार दिवसांत त्यावर पुढचा हात घेता येतो.

आणि मग कातडीचा रंग. इथे जरा थांबून नीट ऐक. तुझ्या चेहऱ्याचं दुसरं कारण म्हणजे तू सावलीतही पांढरा घातलास. सावलीत पांढरा नको. तिथे अंबर, काव आणि निळ्याचा कण. मधल्या भागाला पिवडी, काव आणि थोडासा पांढरा. उजेडातही पांढऱ्याबरोबर पिवडीचा हात सोडायचा नाही. आणि उजेड संपून सावली सुरू होते ना, गालाच्या वळणावर, तिथे एक अरुंद पट्टा असतो करडा-हिरवट. पिवडीत थोडा काळा मिसळलास की तो मिळतो. तुला वाटेल, तोंडावर हिरवा? लावून बघ. शेजारचा तांबूस भाग त्या क्षणी जिवंत होतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा भर दुपारी एकटीच घरात हसले होते.

बाजूला एका फळकुटावर पाच छटा आधीच कालवून ठेव, गडदपासून उजळपर्यंत, वाटणाच्या वाट्या मांडतो तशा. ब्रश फळीवर नेऊन मग रंग शोधायचा नाही. एक छटा, एक जागा, एक फटकारा, आणि हात काढून घ्यायचा. घोळत बसलीस की पाचही छटांची एकच पेज होते. डोळ्यातला पांढरा ठिपका आणि नथीतल्या मोत्याची चमक अगदी शेवटी. तो मोह आवर.

थरांचा एक नियम जुन्या लोकांनी घालून दिलेला आहे, खालचा थर कोरडा, वरचा तेलकट. पहिला हात टर्पेंटाइननं पातळ, पुढच्या प्रत्येक हातात तेल थोडं जास्त. उलट झालं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो, आणि वर भेगा पडतात. ओल्या भिंतीवर चुना मारला तर काय होतं ते तू बघितलं आहेस.

आता आपली हवा. तू आषाढात सुरुवात केली असतीस तर मी तुला हात जोडून थांबवलं असतं. पावसाळ्यात तैलरंग आठ-आठ, दहा-दहा दिवस चिकट राहतो, बोर्डाला बुरशी धरते. माझी एक पूर्ण झालेली प्रत मी जूनमध्ये माळ्यावर ठेवली, चवथीला खाली काढली तर तिच्या पदरावर बुरशीचे करडे ठिपके. शिवाय अंधारात ठेवलेलं जवसाचं तेल पिवळं पडतं. म्हणून दिवाळीनंतर होळीपर्यंतचे महिने हे आपले तैलरंगाचे महिने. पावसाळ्यात रेखाटनं कर. काम उत्तरेकडच्या खिडकीशी कर, तिथला उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. समुद्राकडच्या पडवीत बसू नको, दुपारी खारं वारं सुटलं की वाळूचा कण आणि कण ओल्या रंगाला चिकटतो. झालेलं चित्र राहत्या खोलीत, भिंतीपासून बोटभर सुटं टांग, मागून हवा खेळू दे. वॉर्निशला निदान सहा महिने हात लावू नको.

एक गोष्ट घरातल्या मोठ्यांसमोर वाचून दाखव. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात कधीही टाकू नको. तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि बोळ्यात ती कोंडली की चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. बाजूला नारळाच्या सोडणांची रास असली तर विचार कर. चिंध्या दोरीवर सुट्या वाळत घाल किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेव. टर्पेंटाइन वापरताना खिडक्या उघड्या हव्यात. ते विहिरीच्या बाजूला किंवा माडाच्या आळ्यात ओतायचं नाही. बरणीत निवळू दे, वरचं स्वच्छ पुन्हा वापर. ब्रशाला तोंडात धरून टोक काढायची सवय असेल तर आजच सोड.

वेळ कुठून आणू, हे तू विचारणारच. डिसेंबरात तुमच्याकडे पर्यटकांची रांग असते, सकाळी आंबोळ्या, दुपारी माशांची ताटं, तुला उसंत नसते हे मी बघते. दुपारी तीन ते चार, एवढा एक तास माग. आईकडे नीट माग, चोरून घेऊ नको. चोरून घेतलेल्या तासात हात घाबरलेला असतो आणि ते चित्रात दिसतं. तैलरंगाची दया ही की तो थांबतो. आज गाल, उद्या कान. तीन महिने लागले तरी चालतील.

प्रत पूर्ण झाली की पुढे नाव घालू नको. फळीच्या पाठीवर स्वच्छ अक्षरात लिही, कोणाच्या मूळ चित्रावरून, अभ्यासासाठी केलेली प्रत, तुझं नाव, तारीख. एखाद्या पर्यटकाला ती आवडेल, तो विकत मागेल. रविवर्म्यांची प्रत विकायला हरकत नाही, पण ती प्रत आहे हे तोंडानं सांगून आणि पाठीवर लिहून. आणि पुढच्या वेळी कोणी विचारलं "स्वतःचं काय?" तर मान खाली घालू नको. सांग, आधी गिरवतेय.

मात्र त्या पाहुण्यांच्या प्रश्नात एक खरी गोष्टही होती, ती कळायला मला फार वर्षं लागली. गिरवणं म्हणजे गिरवतच राहणं नव्हे. 'अ' गिरवायचा तो पुढे आईला पत्र लिहिता यावं म्हणून. प्रत संपली की ती आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेव, या वेळी लाजेनं नव्हे, आणि छोट्या तुकड्यावर तोच चेहरा आठवणीनं काढ. जे आठवलं ते तुझं झालं, जे नाही आठवलं ते परत जाऊन बघ. त्यानंतर कोणा राणीला, कोणा अप्सरेला शोधू नको. हळदणकरांनी जगाला वेड लावणारी बाई शोधायला कुठे प्रवास केला? घरातली लेक, घरातला दिवा, आईची साडी. फक्त त्या संध्याकाळी उजेड कुठे पडलाय हे त्यांना दिसलं, कारण तोपर्यंत चाळीसेक वर्षं त्यांच्या डोळ्यांनी तेच केलं होतं.

तुझी आई रोज तिन्हीसांजेला तुळशीत दिवा लावते. वाकते तेव्हा तिच्या हनुवटीखाली उजेड येतो आणि कपाळ सावलीत जातं. तू जन्मापासून हे बघत आली आहेस. गालाच्या वळणावरचा तो करडा-हिरवट पट्टा एकदा प्रतीत लावलास ना, की तिच्या गालावर तो तुला दिसेल. तो दिसेल त्या दिवशी मला हाक मार.

तो पिठासारखा चेहरा खरवडून टाकू नको. शनिवारी तीनला तशीच फळी घेऊन ये, लपवून न आणता, उघडी, बाजारातून. मी पिवडी आणि काळा कालवून ठेवते.